६१२ सबस्क्रायबर, पण बघणारे ८०च

वाचकाचं पत्र: मी तासगावजवळच्या गावात राहते. वीस वर्षं ब्लाऊज शिवते. दोन वर्षांपूर्वी यूट्यूबवर मराठीत कटिंग-शिलाईचं चॅनल सुरू केलं. आतापर्यंत १४८ व्हिडिओ झाले, सबस्क्रायबर ६१२. त्यातले तीनशेहून जास्त एकाच शॉर्टमुळे आले. पैठणीच्या काठाची बाही होती, तिला २ लाख १० हजार व्ह्यूज मिळाले. पण मोठ्या व्हिडिओला अजून ८०-९० च्या वर कुणी येत नाही. व्हिडिओ १२ ते १५ मिनिटांचे असतात. मुलाने ॲनालिटिक्स बघून आकडे लिहून दिलेत: एका व्हिडिओमागे साधारण ३,९०० इम्प्रेशन्स, क्लिक-थ्रू रेट २.१ टक्के, सरासरी बघण्याची वेळ १ मिनिट २० सेकंद, ३० सेकंदांनंतर टिकलेले ३८ टक्के. एकमेकींना सबस्क्राइब करायचा व्हॉट्सॲप गट आहे, त्यात जाऊ का? एक जण पैसे घेऊन हजार सबस्क्रायबर देतो म्हणतो. की हिंदीत करू? की चांगला कॅमेरा घेऊ?

ताई,

कॅमेरा घेऊ नका, सबस्क्रायबर विकत घेऊ नका आणि हिंदीतही जाऊ नका. मुलाने आकडे काढून दिले हे फार बरं केलं, कारण दुखणं नेमकं कुठे आहे ते त्यात दिसतंय, आणि ते तुम्ही विचारलेल्या चारही गोष्टींत नाही.

यूट्यूबने तुमचं थंबनेल, म्हणजे व्हिडिओचं छोटं चित्र, ३,९०० वेळा लोकांपुढे धरलं. त्यातल्या शंभरातल्या दोघींनी दाबलं, म्हणून ८०-८२ व्ह्यूज. यूट्यूबच्या म्हणण्यानुसार निम्म्या चॅनल-व्हिडिओंचा हा दर २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. म्हणजे तुमचा २.१ खालच्या काठावर आहे, पण त्याच्या बाहेर नाही. खरं भगदाड पुढच्या आकड्यात आहे. ज्या आल्या त्यांतल्या शंभरापैकी ६२ जणी अर्ध्या मिनिटात उठून गेल्या, तुमची कात्री कापडाला लागायच्याही आधी. अशा वेळी वरून कितीही माणसं ओतली तरी ती खालून गळणारच. आधी बुड लिंपायचं, मग पाणी भरायचं.

पहिल्या ३० सेकंदांत काय चालतं ते कुठलेही पाच व्हिडिओ काढून स्वतः बघा. बहुतेक शिवणाच्या चॅनलवर ठरलेला क्रम असतो: दहा-बारा सेकंद फिरणारा लोगो आणि संगीत, मग 'नमस्कार मैत्रिणींनो', मग 'चॅनलला सबस्क्राइब करा, बेलचं बटण दाबा', मग आज आपण काय बघणार आहोत याची प्रस्तावना. बघणारी बाई मात्र समोर कापड अंथरून, हातात खडू घेऊन बसलेली असते. तिला एवढंच जाणून घ्यायचं असतं की हा व्हिडिओ तिच्या मापाचा आहे का आणि तिच्याकडच्या कापडात होईल का. उत्तर मिळालं नाही की ती खालचा व्हिडिओ दाबते.

म्हणून सुरुवात अशी करा. पहिली पाच सेकंदं तयार ब्लाऊज अंगावर किंवा डमीवर, पुढून आणि मागून. त्यावर तुमचा आवाज: "छत्तीस छातीचा चार टक्सचा ब्लाऊज. साडीतला ऐंशी सेंटीमीटरचा पीस पुरतो, अस्तर वेगळं. बाही कुठे बसवायची ते तिसऱ्या मिनिटाला दाखवलंय." तेवढं झालं की थेट कापड. नमस्कार घालायचाच असेल तर या वाक्यानंतर, तोही एका श्वासात. सबस्क्राइब करायला सांगायचं असेल तर मुंढ्याची, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या कडेची, गोलाई नीट जमल्यावर सांगा. त्या क्षणी बाईला तुमचा उपयोग झालेला असतो, ती ऐकते.

आता चांगली बातमी. जुन्या व्हिडिओंची सुरुवातही कापता येते, ते पुन्हा टाकावे लागत नाहीत. कॉम्प्युटरवर यूट्यूब स्टुडिओ उघडा, व्हिडिओ निवडा, डावीकडच्या 'एडिटर'मध्ये जाऊन 'ट्रिम अँड कट' वापरा आणि लोगो-प्रस्तावनेची ती वीस-पंचवीस सेकंदं काढून टाका. लिंक तीच राहते, व्ह्यूज आणि कॉमेंट्स जागच्या जागी राहतात. नवीन प्रत तयार व्हायला काही तास लागतात, तोवर जुनीच दिसत राहते, घाबरू नका. डिस्क्रिप्शनमध्ये वेळा लिहिलेल्या असतील तर तेवढ्या सेकंदांनी सुधारा. १४८ चे १४८ करत बसू नका. ॲनालिटिक्समध्ये गेल्या ९० दिवसांत सर्वाधिक इम्प्रेशन्स मिळालेले १५ व्हिडिओ निवडा, तेवढे पुरेत. बाकीचे तसेच असू द्या. पण डिलीट किंवा प्रायव्हेट करू नका, कारण त्यांचे बघितलेले तास मग कमाईच्या हिशेबात (तो शेवटी सांगितलाय) धरले जात नाहीत. लाज वाटते म्हणून जुने व्हिडिओ काढून टाकणाऱ्या बायका इथेच फसतात.

एकदा बुड लिंपलं की प्रश्न येतो, लोक येणार कुठून. शिवणाचं चॅनल हे करमणुकीच्या चॅनलसारखं वाढत नाही. तुमचा नवा व्हिडिओ कधी येतो याची वाट बघत कुणी बसलेलं नसतं, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. कापड समोर आलं, अडलं, की बाई फोनमध्ये शोधते. म्हणजे तुमचं दार सर्च आहे आणि तुमचा एकेक व्हिडिओ म्हणजे भुसारी दुकानातली एकेक बरणी. बरणीवर आत काय आहे ते लिहिलेलं हवं. 'नवीन डिझाईन नक्की बघा भाग १२' अशा नावाने कुणी काही शोधत नाही. '३६ साईज चार टक्स ब्लाऊज कटिंग, अस्तरासह' हे शोधतात.

लोक नेमकं काय टाइप करतात ते अंदाजाने ठरवू नका. दोन जागी बघा. स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये ट्रॅफिक सोर्सखाली 'यूट्यूब सर्च' दाबलं की तुमच्यापर्यंत आलेल्या बायकांनी टाइप केलेले शब्द दिसतात. दुसरं, फोनवर इनकॉग्निटो उघडून यूट्यूबच्या सर्चमध्ये 'ब्लाऊज कटिंग' लिहा आणि पुढे एकेक अक्षर टाकत जा. खाली उघडणाऱ्या सूचना वहीत उतरवून घ्या. बऱ्याच जणी मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात. म्हणून शीर्षक देवनागरीत ठेवा आणि डिस्क्रिप्शनच्या पहिल्या ओळीत तेच रोमन लिपीत एकदा लिहा. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, पण फोनवर शेवट कापला जातो, त्यामुळे माप आणि प्रकार सुरुवातीलाच यायला हवेत. चॅनलचं नाव शीर्षकात नको, ते खाली दिसतंच. टॅग भरण्यात तास घालवू नका. ते मुख्यतः चुकीच्या स्पेलिंगपुरते कामाला येतात, हे यूट्यूबच सांगतं. अपलोड करताना व्हिडिओची भाषा मात्र आठवणीने 'मराठी' निवडा.

विषय दोन जातींचे घ्या. पहिली जात मापांची. २८ ते ४४ या नऊ सम मापांना चार टक्स, कटोरी आणि प्रिन्सेस कट असे तीन प्रकार लावले तर २७ व्हिडिओ होतात. पण तेच वाक्य बोलत नुसता आकडा बदलून २७ व्हिडिओ पाडू नका. एका साच्यातून काढलेल्या, एकसारख्या मजकुराला यूट्यूब कमाईच्या तपासणीत नाकारू शकतं, आणि बघणारीलाही कंटाळा येतो. जिथे काम खरोखर बदलतं ती मापं घ्या. ३४-३६ एकदा सविस्तर. मग ४० आणि ४२, कारण तिथे ८० सेंटीमीटरच्या पिसात बाही बसवताना ओढाताण होते, बाहीला जोड कुठे द्यायचा ते दाखवावं लागतं आणि टक्सची खोलीही बदलते. मोठ्या मापाच्या बायकांना नीट समजावून सांगणारे व्हिडिओ फार कमी मिळतात. ही तुमची जागा आहे. मग २८-३०, कारण शाळा-कॉलेजातल्या मुलींचे ब्लाऊज शिवताना छातीचं आणि खांद्याचं गणित वेगळं बसतं.

दुसरी जात चुकांची, आणि आमच्या मते हीच जास्त मोलाची. शिवून झालेला ब्लाऊज बिघडतो तेव्हा बाई घाबरून शोधते: खांदा का उतरतो, मुंढ्याला पुढून चुण्या का पडतात, काखेत झोळ का येतो, मागचा गळा का सुटतो, हात वर केला की बाही का ओढते. वीस वर्षांत या सगळ्या तक्रारी गिऱ्हाइकांनी तुमच्याकडे परत आणलेल्या असणार. प्रत्येक तक्रारीचा एक व्हिडिओ, पाच ते सहा मिनिटांचा. आधी बिघडलेला ब्लाऊज अंगावर, मग कारण, मग उसवून दुरुस्ती, मग तोच ब्लाऊज पुन्हा अंगावर. अशा व्हिडिओत बघणारी शेवटपर्यंत थांबते, कारण शेवट बघितल्याशिवाय तिचं काम होत नाही. शिवाय कटिंगचा व्हिडिओ हजारांनी केलेला असतो, पण दुरुस्ती नीट दाखवायला अनुभव लागतो आणि तो तुमच्याकडे आहे. या रविवारी दुसरं काही न करता 'मागचा गळा का सुटतो' हा व्हिडिओ करा.

लांबीबद्दल. बारा-पंधरा मिनिटं जास्त नाहीत, भरताड जास्त आहे. सरळ टीप मारतानाची दीड मिनिटं कुणी बघत नाही. ती चौपट वेगाने पळवा किंवा कापा. याउलट मुंढ्याची गोलाई काढताना घाई करू नका. ॲनालिटिक्समधला टिकून राहिलेल्या प्रेक्षकांचा आलेख उघडा. जिथे रेघ अचानक खाली पडते तिथे तुम्ही बहुधा काहीतरी पुन्हा सांगत होतात. जिथे ती वर उसळी मारते तिथे बायकांनी मागे नेऊन पुन्हा बघितलंय. ती उसळी म्हणजे त्यांना ते एकदा बघून समजलं नाही, आणि तोच तुमच्या पुढच्या व्हिडिओचा विषय. कमाई सुरू झाल्यावर व्हिडिओ आठ मिनिटांचा असेल तर मध्ये जाहिरात येऊ शकते, म्हणून पाच मिनिटांचा ऐवज ताणून आठ करण्याचा मोह पुढे होईल. तेवढा टाळा.

डिस्क्रिप्शनमध्ये टप्पे लिहा. पहिली वेळ शून्याची हवी, किमान तीन टप्पे हवेत, प्रत्येक किमान १० सेकंदांचा, चढत्या क्रमाने, आणि वेळेचे आकडे इंग्रजीत लिहिलेले बरे. तयार ब्लाऊज, मापं, मागचा भाग, पुढचा भाग, टक्स, बाही. टप्पे दिले तर लोक उड्या मारतील अशी भीती काहींना वाटते. मारतीलच. पण शिवणारी बाई शिवताना त्याच व्हिडिओवर तीन-चारदा परत येते, ती टप्प्यांमुळेच.

आता कॅमेरा. गेल्या चार-पाच वर्षांतला साधा फोन या कामाला पुरतो. पैसे घालायचेच असतील तर दोन गोष्टींत घाला: वरून फोन धरणारा आडव्या दांड्याचा स्टँड आणि वायरचा कॉलर माइक. कापड टेबलावर, फोन बरोबर वर, आणि दिशा अशी की बघणारीला तुमच्या बाजूने दिसेल. समोरून शूट केलं की तिला डावं-उजवं उलटं दिसतं आणि पुढचा भाग कापताना ती हमखास चुकते. उजव्या हाताने रेघ मारत असाल तर उजेड डावीकडच्या खिडकीतून येऊ द्या, म्हणजे हाताची सावली रेघेवर पडत नाही. ट्यूबलाइटखाली शूट केलं तर चित्रात पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे म्हणून हे होतं. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं, किंवा सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडता येत असेल तर ते निवडलं, की पट्टे जातात. पांढऱ्या कापडावरून काळ्यावर गेलात की उजेड आपोआप कमी-जास्त होतो, तो होऊ नये म्हणून स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा.

शिकवायला फुलाफुलांचा पीस घेऊ नका. खडूची रेघ त्यात हरवते. एकरंगी पॉपलीन घ्या, फिकट रंगावर गडद खडू. त्याहून बरं म्हणजे आधी खाकी कागदावर जाड मार्करने काढून दाखवा आणि मग कापडावर. बघणारीचा फोन हाताएवढा असतो, त्यावर इंची टेपचे आकडे दिसतच नाहीत. म्हणून प्रत्येक माप तोंडाने बोला आणि स्क्रीनवरही मोठ्या आकड्यात टाका: छाती ३६, चौथा भाग ९, माया दीड इंच. 'इथे नऊ घेतलं' एवढंच म्हणालात तर ३८ वाली बाई अडते. 'छातीचा चौथा भाग' म्हणालात तर ती आपलं माप स्वतः काढते आणि तुमचा एक व्हिडिओ चार मापांच्या बायकांना पुरतो.

आवाज. पंखा आणि मशीन चालू असताना बोललेलं कुणी दोन मिनिटांवर ऐकू शकत नाही. शूट करताना हात चालू द्या, बोलणं नंतर रेकॉर्ड करा. दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, खोलीत गोधड्या-कपडे असतील तर उत्तम, आवाज घुमत नाही. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर. मशीनचा आवाज अगदी काढू नका, बारीक ठेवा, शिवण चालू असल्यासारखं वाटतं. मागे सिनेमाचं गाणं लावत असाल तर आजपासून बंद. 'तीस सेकंदांपर्यंत चालतं' ही अफवा आहे. गाण्यावर हक्काचा दावा आला की त्या व्हिडिओच्या जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जाऊ शकतात, कधी व्हिडिओच अडवला जातो. स्टुडिओतल्या ऑडिओ लायब्ररीत फुकट संगीत आहे. खरं तर कटिंगच्या व्हिडिओला संगीताची गरजच नाही.

थंबनेल १२८० बाय ७२० चं करा आणि झाल्यावर फोनवर पोस्टाच्या तिकिटाएवढं करून बघा. तेवढ्यात कळलं पाहिजे. तुमचा चेहरा, तीन रंगांचे बाण, 'धमाका' वगैरे काही नको. ब्लाऊजचा एकच भाग जवळून, आणि मोठ्या आकड्यात '४०'. खालच्या उजव्या कोपऱ्यात काही लिहू नका, तिथे व्हिडिओची वेळ बसते. चुकांच्या व्हिडिओला अर्ध्या भागात चुण्या पडलेला मुंढा, अर्ध्यात नीट बसलेला. एकाच व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेल लावून तपासायची सोय यूट्यूबवर आहे, पण तुमच्या ८० व्ह्यूजवर तिचा निकाल लागत नाही. त्यापेक्षा त्या १५ जुन्या व्हिडिओंना एकेक नवं थंबनेल द्या, २८ दिवस हात लावू नका आणि क्लिकचा दर आधीशी ताडून बघा. शीर्षक, थंबनेल आणि सुरुवात तिन्ही एकाच दिवशी बदललं तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. आधी सुरुवात कापा, मग थंबनेल, मग शीर्षक.

तुमची ती पैठणीची बाही. शॉर्ट बघणारी बाई अंगठ्याने सरकवत असते. तिला काठ आवडला, तिने सबस्क्राइब दाबलं आणि पुढे गेली. तिला शिवायचं नव्हतं. त्यामुळे तीनशे नावं वाढली आणि मोठ्या व्हिडिओला फरक पडला नाही. त्यात तुमचं काही चुकलं नाही, पण पुन्हा तसा शॉर्ट गाजला तरी हेच होईल. शिवाय ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू मोजला जातो, त्यामुळे तिथले लाखाचे आकडे पूर्वीपेक्षा फुगलेले असतात. शॉर्ट करायचा तो मोठ्या व्हिडिओतला एक अडलेला क्षण म्हणून: पैठणीचा काठ बाहीला लावताना नक्षी कापली जाऊ नये म्हणून घडी कशी घालायची, चाळीस सेकंद. आणि अपलोड करताना 'रिलेटेड व्हिडिओ'मध्ये तो मोठा व्हिडिओ जोडा. शॉर्टच्या डिस्क्रिप्शनमधली किंवा कॉमेंटमधली लिंक दाबली जात नाही, हा जोडच काय तो चालतो. आणखी एक खाच आहे. १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंतचा उभा किंवा चौकोनी व्हिडिओ शॉर्ट धरला जातो, आणि शॉर्ट्सच्या फीडमधले तास कमाईच्या तासांत येत नाहीत. अडीच मिनिटांची टीप उभ्या फोनवर शूट केलीत तर ती तासांना मुकली. फोन आडवा धरा.

व्हॉट्सॲप गट आणि विकतचे सबस्क्रायबर यांना एकच उत्तर. हे यूट्यूबच्या खोट्या प्रतिसादाच्या नियमात बसतं, आकडे काढून टाकले जातात आणि चॅनलही बंद होऊ शकतं. नियम बाजूला ठेवला तरी हिशेबात ते तोट्याचंच आहे. गटातल्या बायका पापडाच्या, मेंदीच्या, अभंगाच्या चॅनलवाल्या. त्यांनी सबस्क्राइब केलं की तुमचा व्हिडिओ त्यांच्यापुढे जातो आणि त्या तो उघडत नाहीत, किंवा उपकारापोटी उघडून दहा सेकंदांत बंद करतात. तुमचे दोन्ही आकडे आणखी पडतात. भिशीत पैसे तरी परत येतात.

हिंदीचा मोह समजतो, पण हिंदीत ब्लाऊज कटिंगचं दुकान आधीच खचाखच भरलंय. तिथे तुम्ही हजारावी. मराठीत नऊवारी शिवणं, खणाचं परकर-पोलकं, इरकलीचा ब्लाऊज, पैठणीचा काठ पाठीवर बसवणं हे तुमच्या घरचं आहे, आणि मुंढा, माया, उरेब पट्टी हे शब्द ऐकून शिकलेली बाई तुमच्याकडेच थांबेल, मग ती बडोद्यात असो की बेळगावात. एका चॅनलवर एक हिंदी, एक मराठी असं आलटून-पालटून तर मुळीच नको. शीर्षक हिंदीत आणि बोलणं मराठीत, असंही करू नका. येणारी बाई पहिल्या वाक्याला परत जाते.

सणांचा हिशेब मात्र धरा. संक्रांतीची काळी साडी जानेवारीत नेसतात, पण ब्लाऊज डिसेंबरात शिवायला पडतो, म्हणून तो व्हिडिओ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हवा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नं लागतात, त्यांचे हळदीचे आणि पैठणीचे ब्लाऊज दिवाळीआधी. नवरात्राचे नऊ रंग भाद्रपद सुरू झाला की. सणाच्या आदल्या आठवड्यात टाकलेला व्हिडिओ पुढच्या वर्षी कामाला येतो, यंदा नाही. एरवी आठवड्याला एक व्हिडिओ पुरे. दिवसाची वेळ कोणती, याने सर्चवर चालणाऱ्या चॅनलला फारसा फरक पडत नाही.

परकर-पोलकं म्हटलं म्हणून आठवलं. लहान मुलींच्या कपड्यांचे व्हिडिओ टाकताना 'हा व्हिडिओ मुलांसाठी आहे का' याला तुम्ही 'हो' म्हटलं असेल तर लगेच बदला. तो व्हिडिओ मुलं बघत नाहीत, आया बघतात. 'हो' म्हटलं की कॉमेंट्स बंद होतात, व्हिडिओच्या शेवटी दिसणारे दुसऱ्या व्हिडिओंचे दुवे जातात आणि जाहिरातीही कमी भावाच्या येतात. शिवणाच्या चॅनलवर ही चूक इतकी सर्रास दिसते की सगळे जुने व्हिडिओ एकदा तपासाच.

शेवटच्या दुव्यांचं म्हणाल तर ते व्हिडिओच्या शेवटच्या ५ ते २० सेकंदांत लावता येतात. 'धन्यवाद, पुन्हा भेटू' म्हणायच्या आत लावा, कारण धन्यवाद ऐकलं की बाई उठते. कटिंगच्या शेवटी म्हणा, "आता याला अस्तर कसं जोडायचं ते इथे आहे," आणि बोट जिथे दाखवाल तिथेच दुवा ठेवा. कटिंग, शिलाई, फिटिंगची दुरुस्ती अशी तीन व्हिडिओंची साखळी प्रत्येक प्रकाराला झाली की एक बाई तीन दारं उघडते. कॉमेंटमध्ये वर मापांचा तक्ता पिन करा आणि माप व अडचण लिहायला सांगा. स्वतःचा फोन नंबर तिथे टाकू नका.

आता तुम्ही न विचारलेला, पण मनात असलेला प्रश्न. जाहिरातीच्या कमाईला १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास लागतात. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन व्हिडिओ आणि १२ महिन्यांत ३,००० तास झाले की एक खालची पायरी मिळते, पण तिथे प्रेक्षकांनी दिलेलेच पैसे, जाहिरातीचे नाहीत. ५०० तर तुम्ही कधीच ओलांडलेत. अडलंय ते तासांवर, आणि तुम्ही सबस्क्रायबर विकत घ्यायला निघालात! ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. आजच्या १ मिनिट २० सेकंदांच्या सरासरीने त्याला १ लाख ८० हजार व्ह्यूज लागतील. सरासरी चार मिनिटांवर नेलीत तर ६० हजार, म्हणजे दिवसाला सुमारे १६५. तीस चांगल्या बरण्या मांडल्या आणि प्रत्येकीला रोज पाच-सहा बायकांनी हात घातला की तेवढे होतात. त्या तीस म्हणजे सुरुवात कापलेले १५ जुने आणि वर सांगितलेले १५ नवे.

ते जमून आलं की अर्ज करा. तपासणीला साधारण महिना लागतो. गुगल खात्याला दुहेरी पडताळणी लावून ठेवा, ॲडसेन्सवर, म्हणजे गुगल जिथून पैसे देतं त्या खात्यावर, नाव बँकेत आणि पॅनवर आहे तसंच लिहा. कराची माहितीही तिथे भरा. अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर भारतीयांना साधारणपणे १५ टक्के कापले जातात, माहितीच भरली नाही तर एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. १० डॉलर जमले की पत्ता तपासायला गुगलचा पिन साध्या पोस्टाने घरी येतो, आणि पैसे १०० डॉलर झाल्यावर निघतात. गावचा पत्ता असेल तर पोस्ट, तालुका आणि पिनकोडसकट पूर्ण लिहा आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवा. पाकीट लहान आणि साधं असतं, जाहिरातीचा कागद समजून घरातलं कुणीतरी ते टाकून देतं.